वहिनी, आपलं आशापूरचं घर

वहिनी, मला रडू आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला नेलं तेव्हा आलं नाही, घाटावरून सगळे परत आले तेव्हा आलं नाही, आणि आता तुमचा तेरावा होऊन गेला तरी आलेलं नाही. शेजारची शकुंतला माझा हात धरून रडली, तर मी तिला पाणी आणून दिलं. मीनल पुण्याहून आली, गळ्यात पडली, आणि माझ्या मनात आलं की पोरीचे केस किती कोरडे झालेत. आई म्हणून दुसरं काही सुचलं नाही. कानांत पाणी गेल्यावर ऐकू येतं तसं सगळं लांबून ऐकू येतं आहे.

कामं मात्र होतात. सकाळी उठते, खुराड्याचं दार काढते, कणी टाकते, पाण्याचं भांडं धुऊन भरते. कोंबड्या खातात. पपईखालची तुमची प्लास्टिकची खुर्ची तिथेच आहे. उचलून आत ठेवावी असं वाटलं नाही, आणि तिथेच राहावी असंही वाटलं नाही. झाडायला अडचण होते म्हणून रोज सरकवते आणि परत जागेवर आणते.

असं बधिर मी पूर्वी एकदा झाले होते, ते तुम्हाला माहीत आहे. हे गेले तेव्हा. कानपूरच्या त्या भाड्याच्या घरात तुम्ही आणि दादा आलात. दादा दारातच उभे राहिले. सख्खा धाकटा भाऊ गेला होता त्यांचा. तुम्ही आत आलात, माझ्याकडे बघितलंत आणि गाद्या गुंडाळायला लागलात. येतेस का, असं विचारलंसुद्धा नाहीत. तोवर आपली ओळख ती किती? काशीला मुन्शी घाटामागच्या गल्लीत सासऱ्यांच्या घरी सणावाराला भेटायचो, तेवढीच. मीनल पहिलीत होती. तिची वह्या-पुस्तकं तुम्ही तांदळाच्या डब्यात भरलीत, आणि तो डबा पुढे कितीतरी दिवस सापडला नाही.

आशापूरच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला काहीच जाणवत नव्हतं, पण पसारा दिसला. तीन खोल्यांचं घर आणि मागे मोकळी जागा. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, त्यावर मांजर. ओट्यावर लोणच्याच्या बरणीला टेकून हातोडी. देवांपुढे उदबत्ती लावलेली आणि देवांशेजारीच दादांचा चष्मा, सुतळीचा गुंडा, अर्धं लिंबू. वाईच्या आमच्या घरी असं काही असतं तर आईने जेवण सोडलं असतं. मी पदर खोचला आणि झाडू घेतला. तुम्ही अडवलं नाहीत. खिडकीतून शकुंतलेला हळूच म्हणालात, "झाडने दे. उसको कुछ करने को चाहिए." मला ऐकू आलं. मी झाडत राहिले. त्यानंतर तुमच्या घरात झाडू मीच मारला, आणि मी झाडून झालं की तुम्ही त्यावरून चिखलाचे पाय घेऊन यायचात. "घर आहे ग, देऊळ थोडंच आहे," असं म्हणायचात. मी काही बोलले की वर, "आणि आमच्या काशीत देवळंसुद्धा कुठे एवढी साफ असतात?"

त्याच दिवसांत तो रंगीत पिल्लंवाला सायकलवरून आला. मीनल बोलायची बंद झाली होती. मला ते कळत होतं, पण कळूनही मी काही करत नव्हते. तुम्ही तिला कडेवर घेऊन फाटकाशी उभ्या होतात. टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं. मीनल म्हणाली, "काकू, यांना रंग कोणी दिला?" किती दिवसांनी तिच्या तोंडून वाक्य आलं होतं. तुम्ही चार पिल्लं घेतलीत. संध्यास्नान करणाऱ्या, लसूणसुद्धा वर्ज्य असलेल्या माणसाच्या घरात, नवऱ्याला न विचारता.

दोन पिल्लं लगेच मेली. एक मुंगसाने नेलं. चौथं जगलं, त्याचा हिरवा रंग झडला, आणि तो कोंबडा निघाला. पहाटे सगळ्या गल्लीला उठवायचा. तो एकटा पडतो म्हणून तुम्ही शकुंतलेच्या माहेरच्या गावाहून तीन गावठी कोंबड्या आणवल्यात. आक्का जबलपूरहून आल्या तेव्हा त्यांनी आपल्या घरचं पाणी घेतलं नाही. भावाला म्हणाल्या, आपले वडील घाटावर यजमानांचे विधी करायचे आणि तुझ्या अंगणात हे. दादा तुम्हाला काही बोलले नाहीत. मग एका रविवारी रेल्वेच्या कचेरीतून खोक्यांच्या जुन्या फळ्या घेऊन आले, मागच्या अंगणात बसले आणि त्यांनी खुराडं ठोकलं. दाराला आतून जाळी, बाहेरून कडी. मुंगसाला शिरता येऊ नये म्हणून खाली विटा. काम संपल्यावर दुसऱ्यांदा आंघोळ केली आणि संध्येला बसले. तुम्ही स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होतात. मीही हसले. हे गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा, वहिनी. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

अंडी घरात फक्त मीनलसाठी होती, उरलेली गल्लीतले लोक न्यायचे. लिंबाच्या झाडामागे तीन विटांची चूल आणि फांदीला अडकवलेलं पातेलं. ते पातेलं घरात आणायचं नाही, हा तुमच्या संसारातला एकमेव नियम. एकदा आषाढात चूल विझली आणि तुम्ही ते घेऊन सरळ आत आलात, गॅसवर ठेवलंत. मी बघत राहिले. "काय बघतेस? पोरीची परीक्षा आहे," म्हणालात. तेव्हापासून ते आतच राहिलं. तुम्ही स्वतः मात्र शेवटपर्यंत अंड्याला तोंड लावलं नाहीत.

बागेवरून आपण किती भांडलो. मला वाफे हवे होते, रांगा हव्या होत्या. तुम्ही बोटाने माती उकरायचात आणि हाताला येईल ते बी टाकायचात. मिरचीत झेंडू, झेंडूत अळू, आणि सगळ्यांच्या डोक्यावर चढलेला घोसाळ्याचा वेल. तुम्ही त्याला नेनुआ म्हणायचात. मी म्हणायचे, मराठीत त्याला घोसाळं म्हणतात. तुम्ही म्हणायचात, "आम्ही किती पिढ्या इथे मराठीच बोलतो आहोत, आणि आमच्या मराठीत तो नेनुआच आहे." आजही तो वेल फुलला आहे. मी त्याच्याकडे बघितलं आणि मनात कुठलाच शब्द आला नाही, ना तुमचा ना माझा.

मीनलच्या सासरच्यांचा विषय तर अजून मिटलेलाच नाही. पुण्याहून ती मंडळी मुलगी बघायला आली. आधी आठवडाभर मी घर घासत होते. तुम्हीही त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, हात जोडून बसलात. कांदेपोहे झाले. मीनलच्या होणाऱ्या सासूबाई दिवाणावर बसल्या होत्या, आणि दिवाणाखालून ती करडी कोंबडी बाहेर आली. अंडं घातल्यावर ओरडतात तशी ओरडत, सगळ्यांच्या पायांतून, डौलात दारापर्यंत गेली. मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तुम्ही शांतपणे पाहुण्यांना सांगितलंत, "रोज याच सुमाराला घालते." सासूबाई हसत सुटल्या, त्यांचे डोळे भरून आले. लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर मी तुमच्याशी अबोला धरला. माझं म्हणणं, तुम्ही लाज घालवलीत, नशीब म्हणून निभावलं. तुमचं म्हणणं, कोंबडीनेच लग्न जमवलं. दर गणपतीत, दर दिवाळीत आपण हा वाद काढायचो. मीनल परवा म्हणाली की त्या हसण्यामुळेच तिचा होकार ठरला, असं घर असेल तर तिथे जमेल असं तिला वाटलं. तुम्ही असतात तर हे ऐकून महिनाभर मला टोमणे मारले असतेत. मी तिला म्हटलं, बरं. आणि भात लावायला उठले.

वहिनी, या घरात मी इतकी वर्षं राहिले आणि दादांशी थेट बोलले नाही. इथली रीतच तशी, जेठापुढे म्हणजे थोरल्या दिरापुढे बोलायचं नाही, आणि आपली माणसं पिढ्यानपिढ्या इथे राहून तीच पाळायला लागलेली. शिवाय मी विधवा, ते मितभाषी. सगळं तुमच्यामार्फत. त्यांना सांगा, गॅस संपलाय. तिला म्हणावं, मीनलच्या शाळेत मी जाऊन येतो. एकाच खोलीत तिघं बसलेलो असायचो, तरीही. आणि तुम्ही निरोप जसाच्या तसा कधी दिला नाहीत. ते म्हणायचे, ती भांडी फार आपटते. तुम्ही वळून मला म्हणायचात, दादा म्हणतायत तू दमतेस. मी म्हणायचे, त्यांना सांगा अंगणात ओले टॉवेल टाकू नका. तुम्ही त्यांना सांगायचात, ती विचारतेय टॉवेल वाळत घालू का. मला सगळं ऐकू यायचं, त्यांनाही येत असणार. पण आम्ही दोघंही तुमचाच निरोप खरा धरायचो. त्यामुळे या घरात कधी मोठं भांडण झालं नाही.

शेवटच्या महिन्यांत तुम्हाला धाप लागायची. तुम्ही पपईखाली खुर्चीत बसून मला हुकूम सोडायचात, इथे खणू नको, तिथे कढीलिंबाचं रोप आहे, त्या काळीला वेगळं ठेव, ती खुडूक झाली आहे. एकदा संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढत होते. तुम्ही म्हणालात, "नंदा, मी गेल्यावर तू इथेच राहशील ना?"

मी म्हणाले, काहीतरीच बोलू नका, औषध घेतलंत का?

तुम्ही घेतलं होतं. परत विचारलं नाहीत. मी कपड्यांच्या घड्या घातल्या.

उत्तर मला माहीत होतं, पण कपडे हातात घेऊन ते देता येईना. देईन सावकाश, असं वाटलं. दहाव्याला अमृतराव घाटावर गेलो तेव्हा मी ठरवूनच गेले होते. पिंड ठेवला की कावळा यायला वेळ लागतो, माणसं हात जोडून सांगतात, तुझी अमुक इच्छा पुरी करू, तमुक काळजी घेऊ. तेव्हा मनातल्या मनात सांगायचं असं मी योजलं होतं. गुरुजींनी पिंड ठेवला, ते मागे सरले न सरले तोच कावळा आला आणि घेऊन गेला. आक्का म्हणाल्या, तृप्त होऊन गेली. सगळ्यांना बरं वाटलं. मी तिथेच उभी, वाक्य तसंच तोंडात. तुम्ही जिवंतपणी तरी कधी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलंत.

तेराव्याची जेवणं झाली आणि आक्कांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. त्यांचा राग नव्हता. त्या थकल्या होत्या आणि आपल्यानंतर भावाचं काय होईल याची त्यांना खरोखर धास्ती होती. त्यांनी सगळं ठरवून आणलं होतं. दादांनी जबलपूरला यायचं. मी मीनलकडे पुण्याला जायचं. घर काढून टाकायचं. विधवा भावजय आणि विधुर दीर एका घरात राहिले, तर या गल्लीत काय बोलतील? मीनल माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, आई, खोली तयार आहे, मनापासून म्हणतेय. मला माहीत आहे ती मनापासूनच म्हणत होती. मी जमिनीवरचं द्रोणातलं सांडलेलं तूप फडक्याने पुसत होते. मला पुण्याची ती खोली दिसली, स्वच्छ, पांढरी, आणि मला तिचं काहीच वाटलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही.

दादा आक्कांना म्हणाले, "मला कुठे जायचं नाही. तिला विचार, तिला काय करायचं आहे."

आक्का म्हणाल्या, तिला काय विचारायचं, मुलगी नेतेय.

"विचार तरी," दादा म्हणाले.

आक्का माझ्याकडे वळल्या. तुमच्याकडून येणारा निरोप असा कधी नव्हता, जसाच्या तसा. मी म्हणाले, "मी इथे राहते."

आक्का म्हणाल्या, लोक काय म्हणतील याचा विचार केलास का. तर दादा त्यांनाच म्हणाले, "लोक रोज सकाळी अंडी न्यायला येतात. जे बोलतील त्यांना देऊ नको, म्हणावं तिला." अंडी हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मीनल रडायला लागली आणि रडता रडता हसली. मी फडकं पिळून वाळत घातलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर गेलं, वहिनी, पण तुमच्याकडे नाही, आक्कांकडे. तुम्हाला पोचलं असेल असं मानते. आनंद झाला असं म्हणणार नाही. रोज हाताळायची एक वस्तू परत जागेवर ठेवली गेली, एवढंच.

मीनल गेली. आक्का गेल्या, जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या आणि जाण्याआधी आपल्या घरचं पाणी प्यायल्या. मग घरात आम्ही दोघं उरलो आणि मधे कुणी नाही. दादांच्या जेवणाचं ताट मी वाढून ठेवायचे आणि बाहेर जायचे. ते जेवून ताट मोरीत ठेवायचे. चहाचा कप खिडकीत ठेवायचे, ते उचलायचे. त्यांना औषधांची आठवण कशी करावी ते कळेना, म्हणून गोळी बशीत, कपाशेजारी ठेवत होते. असे दिवस चालले होते.

आज सकाळी कोंबड्यांना सोडून मी आत आले. कपात चहा गाळला, खिडकीत ठेवला. दादांनी घोट घेतला. कप ठेवला. परत उचलला. मग कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मी ओट्याशी पाठमोरी. मला वाटलं गोळी खाली पडली.

"नंदा," ते म्हणाले. त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. "ती अर्धा चमचा घालायची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली त्याला किती काळ झाला. सकाळचा चहा तुमच्याकडे होता. मी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता, आणि तुम्ही माझ्या डोळ्यात डोळे घालून म्हणाला होतात, एक दाणा घालत नाही मी, देवाशप्पथ. रिपोर्टमधली साखर उतरत नाही म्हणून मी त्यांचा बटाटा बंद केला. भात निम्म्यावर आणला. ऐन मोसमात लंगडा आंबा घरात येऊ दिला नाही. तो माणूस निमूटपणे दुधी खात राहिला, आणि तुम्ही रोज सकाळी फळीपर्यंत हात पोचत नाही म्हणून पाटावर चढून, धापा टाकत, त्यांच्या कपात अर्धा चमचा साखर घालत होतात.

मला तुमचा राग आला, वहिनी. खरा, पोटातून. कानांतलं पाणी वाहून जावं तसा एकदम आला. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काही झालं ते हे. तुम्ही समोर असतात तर मी अबोला धरला असता, निदान दिवाळीपर्यंत.

दादा दारातच उभे होते. तुम्ही गेल्यापासून त्यांनी तो कडू चहा न बोलता प्यायला होता, कारण सांगायला मधे कुणी नव्हतं. मी पाट ओढला. फळीवरून डबा काढला. चमचा भरला, निम्मा डब्यात परत पाडला, उरलेल्याकडे बघितलं, आणि त्यातलाही निम्मा पाडला. राहिला तो त्यांच्या कपात घालून ढवळला.

त्यांनी उभ्याउभ्याच घोट घेतला.

"कमी आहे," ते म्हणाले.

"तेवढीच मिळेल," मी म्हणाले.

ते मोरीजवळचं स्टूल पुढे ओढून तिथेच, स्वयंपाकघरात बसले, आणि त्यांनी सगळा चहा संपवला.